करवत लावण्याआधी लाकडाचा हिशेब मांडा : वृक्ष अधिकारी आणि सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महानगरपालिका व नगरपरिषदांचे वृक्ष अधिकारी आणि उद्यान विभाग,
तसेच सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्या

विषय : झाड काढण्याचा खर्च आणि त्यातून निघणारं लाकूड यांचे हिशेब वेगळे ठेवण्याबाबत

महोदय / महोदया,

आम्ही झाडं उतरवणारी, लाकूड चिरणारी आणि सुतारकाम करणारी माणसं आहोत. झाड राहावं की जावं हा निर्णय आपला आणि वृक्ष प्राधिकरणाचा. त्यात आम्हाला पडायचं नाही. तो निर्णय कायद्याने झाल्यानंतरच्या दोन-तीन तासांबद्दल हे पत्र आहे. साठ-सत्तर वर्षांत भरलेल्या खोडाचं त्या दोन-तीन तासांत सरपण होतं, आणि ते सरपण वाहून नेण्याचे पैसेही आपणच भरता.

आमच्या समोर येणाऱ्या निविदांत आणि सोसायट्यांच्या कोटेशनांत या कामासाठी बहुतेक वेळा एकच ओळ असते : ‘झाड तोडून, तुकडे करून, लाकडासह उचलून नेणे.’ त्यापुढे एक रक्कम. सगळा घोळ या एका ओळीत आहे. तोडण्याची मजुरी, दोर लावून फांद्या उतरवण्याचा खर्च, टेम्पोच्या फेऱ्या आणि लाकडाची किंमत हे सगळं त्या रकमेत मिसळून जातं. ठेकेदार लाकडाची किंमत मनातल्या मनात वजा करूनच दर देतो, आणि तो ती सरपणाच्या भावाने धरतो, कारण त्याचं गिऱ्हाईक सरपणवाला असतो. सरपणवाल्याला दोन-तीन फुटी तुकडे लागतात, म्हणून झाडही दोन-तीन फुटांवर कापलं जातं. ठेकेदाराची यात लबाडी नाही. जे मागितलं ते तो देतो. मागणीच चुकीची लिहिलेली असते.

आकड्यांत बोलू. रस्त्याकडेचा एक पर्जन्यवृक्ष, म्हणजे आपला रेन ट्री, घ्या. घेर १० फूट, पहिल्या फांदीपर्यंतचं सरळ खोड १२ फूट. वखारीच्या चालू पद्धतीने घेराचा चौथा भाग अडीच फूट, त्याचा वर्ग ६.२५, गुणिले १२, म्हणजे ७५ घनफूट. ही पद्धत साल आणि गोलाई वजा धरते, त्यामुळे खऱ्या घनफळाच्या साधारण ७८ टक्केच माप दाखवते. खरं घनफळ ९५ घनफुटांच्या आसपास, म्हणजे सुमारे २.७ घनमीटर. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला ढोबळ मानाने टनभर धरा. एकटं खोड अडीच टनांच्या पुढे जातं.

आता हे खोड हाताने उचलायचं ठरवलं तर काय होतं ते पाहा. व्यास ३८ इंच. एक फूट जाडीची चकती कापली तरी ती दोनशे किलोंच्या वर भरते, म्हणून तिलाही पाचर मारून फोडावं लागतं. बारा फुटांत असे तेरा आडवे काप बसतात. नेहमीच्या चेनसॉची पट्टी ३८ इंच पोचत नाही, म्हणून प्रत्येक काप दोन्ही बाजूंनी घ्यावा लागतो, मध्ये चेनला धार लावावी लागते, पेट्रोल आणि ऑइल जातं. हेच खोड अखंड ठेवलं तर बुडाशी एक आणि फांदीखाली एक असे दोन काप पुरतात, आणि उरलेलं काम हायड्रा क्रेन करते. क्रेनचं भाडं वाढतं, पण मजुरी, इंधन आणि रस्ता अडवून ठेवण्याचा वेळ कमी होतो. ‘लांब ओंडका ठेवणं महाग पडतं’ असं सरसकट सांगितलं जातं, ते मोठ्या झाडांच्या बाबतीत बहुतेक वेळा खरं नसतं. हायड्रा किमान काही तासांच्या भाड्यावरच येते, म्हणून एका वॉर्डातली दोन-तीन झाडं एकाच दिवशी घेतली तर तेही भाडं वाटलं जातं. जिथे हायड्रा पोचत नाही तिथे हा हिशेब लागू होत नाही, हे मान्य. सोसायटीच्या पोडियमवर किंवा तळघराच्या स्लॅबवर तर ती चढवूच नये; स्लॅब त्या भारासाठी बांधलेला नसतो.

त्या अखंड खोडातून नीट चिराई केली तर खऱ्या घनफळाच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे ४५ घनफूट फळी निघते. शहरी झाड वाकडं, गाठाळ आणि जखमा भरलेलं असतं, म्हणून याहून जास्त धरू नये. सहा फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन इंच जाड बैठकीला दीड घनफूट लाकूड लागतं. पाय आणि आडव्या पट्ट्या धरून एका बाकड्याला अडीच घनफूट. तूट-फूट सोडून पंधरा बाकडी. आपल्याच उद्यानांसाठी आपण बाकडी विकत घेता आणि त्याच वॉर्डातलं हे खोड चकत्या करून बाहेर पाठवता.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण याबाबत उलट्या टोकाच्या आशाही दाखवल्या जातात. झाड काढण्याचा सगळा खर्च लाकडातून निघेल ही अपेक्षा ठेवू नका. विजेच्या तारा, पार्क केलेल्या गाड्या आणि घरांच्या छपरांमधून झाड उतरवणं हे जोखमीचं काम आहे आणि त्याचे पैसे लागणारच. म्हणून हिशेब दोन करा. पहिला : झाड सुरक्षित खाली आणण्याचा खर्च. दुसरा : लाकूड वापरण्यासाठी लागणारा जादा खर्च, म्हणजे क्रेन, सॉ मिलपर्यंतची वाहतूक, घनफुटावरची चिराई आणि वाळवण. त्यासमोर मांडायचं : तेवढीच फळी बाजारातून आणली असती तर पडली असती ती किंमत, आणि टेम्पोच्या वाचलेल्या फेऱ्या. दुसरा हिशेब जमेत येत असेल तरच चिरा. आमचा ठोकताळा असा की घेर तीन फुटांच्या आत किंवा सरळ लांबी सहा फुटांच्या आत असेल तर फळ्यांच्या भानगडीत पडू नये. साग, शिसव, फणस यांना तेवढा अपवाद.

कोणत्या झाडाचं काय होतं, हे माहीत नसल्यामुळेही खूप लाकूड वाया जातं. रेन ट्रीचा गाभा गडद तपकिरी असतो आणि त्याचं सर्वांत मोठं बळ म्हणजे वाळताना तो फार आक्रसत नाही, त्यामुळे रुंद जाड फळ्या आणि टेबलाचे माथे त्यातून चांगले होतात. बाहेरचा पांढरा भाग मात्र किडीचं खाद्य आहे. तो काढून टाका किंवा त्यावर प्रक्रिया करा. शिरीष याच्या जवळचाच, पण अधिक घट्ट. फर्निचरला उत्तम, मात्र त्याच्या भुशाने शिंका आणि नाकाची जळजळ होते, म्हणून मास्कशिवाय रंधा मारू नये. कडुनिंबाला कीड सहज लागत नाही; रेषा उलटसुलट असल्याने रंध्याला त्रास देतो, पण कपाटं, पेट्या, देव्हारे यांना चांगला. फणसाचा पिवळा गाभा उन्हा-वाऱ्याने तपकिरी होत जातो आणि टिकतो. कोकणातल्या जुन्या घरांच्या चौकटी आणि दारं पाहिलीत तर वेगळं सांगायला नको. जांभूळ पाण्यात टिकतं, पण वाळताना चिरफळतं. त्याच्या रुंद फळ्या करू नयेत, जाड चौकोनी तुकडे करावेत. बाभूळ हत्यारांच्या दांड्यांना आणि कातकामाला, म्हणजे लेथवरच्या कामाला. चिंच म्हणजे खाटकाचा ठोकळा, उखळ, मुसळ. चिरायला जड, पण तिच्या आडव्या चकतीलाही किंमत आहे, त्यामुळे लांब ओंडक्याचा आग्रह इथे धरायची गरज नाही.

आंब्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण शहरात आणि वाड्यांत आंबा भरपूर निघतो आणि सर्वांत जास्त वायाही तोच जातो. आंब्याचं लाकूड वाईट नाही. राजस्थानात त्याचं फर्निचर बनून परदेशी जातं. पण त्यात साखर-पिष्ट जास्त. ओला ओंडका सालीसकट पडून राहिला की दमट हवेत काही दिवसांतच कापलेल्या तोंडापासून निळसर-काळी बुरशी आत सरकते, आणि मागून भुंगा येतो. दोन महिन्यांनी डेपोत पाहायला गेलात तर ओंडक्याखाली पिठासारखा भुसा साचलेला दिसेल आणि सालीत मोहरीएवढी भोकं. मग तो सरपणालाच जाणार. आंबा पडल्यापासून दोन-तीन आठवड्यांत, पावसाळ्यात त्याहूनही लवकर, चिरला गेला पाहिजे. चिंच, शिरीष, कडुनिंब थांबू शकतात, आंबा थांबत नाही. डेपोत येणाऱ्या ओंडक्यांची चिराई आवक-क्रमाने न लावता प्रजातीने लावा, एवढं केलं तरी बराच फरक पडेल.

गुलमोहराच्या खोडातून काही चांगलं निघत नाही; ते मऊ, लवकर कुजणारं, आणि बऱ्याचदा आतून पोकळ असतं. त्याचे चिप्स, म्हणजे यंत्राने बारीक तुकडे, करा. वड, पिंपळ, उंबर यांचं लाकूडही मऊ आणि चिकाळ. ही झाडं शक्य तिथे पुनर्रोपणालाच न्यावीत. नीलगिरीच्या खोडात वाढीचा ताण भरलेला असतो, तोडताक्षणी टोकं फुटतात. ती फळ्यांपेक्षा बल्ल्या म्हणून गोलच वापरणं शहाणपणाचं.

माडाचं गणित अगदी वेगळं आहे. त्याचं कठीण लाकूड खालच्या आणि बाहेरच्या भागात असतं, मधला भाग भुसभुशीत. म्हणून बुडाकडचा भाग बाहेरच्या कडेने चिरायचा, आणि करवत कार्बाइड दातांची हवी, साधे दात लगेच बोथट होतात. पण माड पडला की लाकडापेक्षा मोठा प्रश्न किडीचा असतो. गेंड्या भुंगा कुजणाऱ्या माडाच्या खोडात अंडी घालतो आणि तिथून उभ्या झाडांवर जातो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड भागात माड आणि पोफळी आडव्या झाल्या, तशी वेळ पुन्हा आली तर पडलेली खोडं चिरून, फोडून किंवा चिप्स करून हलवणं हे बाग वाचवण्याचंच काम आहे. तिथे लाकडाची किंमत शून्य आली तरी ते करायला हवं.

आता लोखंड. शहरी झाड सॉ मिलवाले नको म्हणतात त्याचं पहिलं कारण हेच. पाट्या, बॅनर, दिव्यांच्या माळा, केबल यांसाठी ठोकलेले खिळे झाड बाहेरून भरत जातं तसे आत गाडले जातात. झाड उंचीने वाढतं ते शेंड्याकडे, त्यामुळे चार-पाच फुटांवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही चार-पाच फुटांवरच सापडतो. म्हणजे खिळे नेमके बुंध्याकडच्या पहिल्या सात फुटांत, सर्वांत जाड आणि महाग भागात. बँडसॉचा, म्हणजे मिलमधल्या पट्टा-करवतीचा, पट्टा एका खिळ्यावर गेला की दात उडतात, पट्टा तुटला तर माणसाला धोका. उपाय आहे. हातातला मेटल डिटेक्टर घेऊन खोडाच्या चारही बाजू तपासा, आवाज येईल तिथे खडूने फुली मारा. कापलेल्या तोंडावर निळा-काळा ओघळ दिसला तर आत लोखंड आहे हे नक्की समजा. लाकडातल्या टॅनिनशी त्याची प्रक्रिया होऊन तो रंग येतो. खिळा उकरून काढता आला तर उत्तम, नाहीतर तेवढा तुकडा कापून बाजूला ठेवा. फार खिळे असलेलं खोड चेनसॉवरच चिरावं, चेन खराब झाली तरी ती पट्ट्यापेक्षा स्वस्त. चेनसॉच्या कापात प्रत्येक फळीमागे आठ-दहा मिलिमीटर लाकूड भुशात जातं, पट्ट्यात दोन-तीन, हा तोटा धरूनच जाड फळ्या काढाव्यात. आणि पट्टा तुटला तर भरपाई कोणी द्यायची हे चिराईआधी लिहून ठेवा. नंतरच्या वादांमुळेच मिलवाले दार लावून घेतात. झाडांना खिळे ठोकणाऱ्यांवर आपण कारवाई करता ती या कारणासाठीही वाढवावी.

तोडताना काय सांभाळायचं ते ठेकेदाराला लेखी द्या. ओंडका सात फूट चार इंच, किंवा दहा फूट चार इंच. ते चार इंच टोकं फुटतात त्यासाठी. सात फुटांत दाराची चौकट, दहा फुटांत बाकडी आणि तुळया. खोड वाकडं असेल तर बरोबर वाकणावर कापा, म्हणजे दोन्ही तुकडे सरळ निघतात. दोन फांद्या फुटतात तो सांधा कधीही मधोमध कापू नका. तिथल्या रेषांची नक्षी टेबलासाठी सर्वांत जास्त मागितली जाते. कललेल्या झाडाला आधी कलाच्या बाजूने खाच न घेता आणि मध्ये पुरेशी बिजागरी, म्हणजे न कापलेली लाकडाची पट्टी, न ठेवता मागून काप दिला तर खोड उभं फाटतं. लाकूड जातंच, कापणाऱ्याचा जीवही जातो. काप झाल्यावर दोन्ही तोंडांना त्याच दिवशी मेण, डांबर किंवा जुना ऑइल पेंट फासा. पाणी तोंडातून खोडाच्या बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने बाहेर पडतं, तोंड आधी सुकतं आणि चिरतं. डबाभर रंगाने प्रत्येक टोकाचे पाच-सहा इंच वाचतात. मग तोंडावर झाडाचा क्रमांक, प्रजाती, तारीख, घेर, लांबी लिहा. हा क्रमांक परवानगीच्या आदेशातल्या क्रमांकाशी जुळला की लाकूड ‘हरवत’ नाही.

वाळवणीला जागा लागते, यंत्र नाही. जमिनीपासून फूटभर उंच सिमेंटचे ठोकळे, वर पत्रा, बाजू उघड्या, पाणी तुंबत नाही अशी जागा. फळ्यांच्या थरांमध्ये एक इंच चौरस कोरड्या पट्ट्या, दर दीड ते दोन फुटांवर, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत. पट्ट्या मागे-पुढे झाल्या की फळी बाक घेते. ही चूक सर्रास होते. वर वजन ठेवा. आंबा, रेन ट्रीचा पांढरा भाग अशा कीड लागणाऱ्या लाकडाला ओलं असतानाच बोरॉन द्या : १०० लिटर कोमट पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड, एक इंची फळ्या दिवसभर बुडवून ठेवायच्या, मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन-तीन आठवडे. ओलाव्यातून ते आत झिरपतं. वाळलेल्या फळीत ते जात नाही, म्हणून आधी वाळवून मग बुडवण्यात अर्थ नाही. हे पावसात धुऊन जातं, तेव्हा अशी फळी छपराखालीच वापरायची, आणि पोळपाट, पाट, खाण्याच्या वस्तू यांना नाही. एक इंची फळी ऑक्टोबरात रचली तर मार्चपर्यंत कामाला येते. मे महिन्यात चिरलेली पावसाळ्यात पुढे सरकत नाही, तिच्यावर बुरशीचीच लढाई चालते. ओलावा मीटरने मोजा. फर्निचरसाठी १२ टक्क्यांच्या जवळपास आल्याशिवाय सुताराला देऊ नका, नाहीतर दोष सुतारावर येतो आणि सांधे उघडतात.

फांद्यांचा विषय थोडक्यात, पण तातडीचा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मुंबईत छाटणीचं आणि तोडलेलं लाकूड मुरण्याची एक मोठी जागा त्यामुळे आकसली आहे. स्मशानभूमीला लाकूड लागतंच, एका पारंपरिक अंत्यसंस्काराला तीनशे-चारशे किलो, पण तिथे कोरडं लाकूड हवं. ओलं पाठवलं तर जास्त लागतं, धूर होतो आणि नातेवाईक ताटकळतात. मनगटापेक्षा जाड फांद्या चार फुटी कापून सहा महिने रचून ठेवल्या तर त्या या कामाला योग्य होतात. त्याहून बारीक सगळं चिपरमध्ये. चिप्समुळे टेम्पोतली हवा वाहून नेणं थांबतं, फेऱ्या निम्म्याहून कमी होतात. चिप्स झाडांच्या आळ्यात तीन इंच जाड पसरा, खोडापासून सहा इंच दूर. मातीत मिसळू नका, कुजताना ते मातीतलं नत्र ओढतात. ओल्या कचऱ्याच्या खतातही ते उत्तम चालतात. मिलीबग (पिठ्या ढेकूण) लागलेल्या रेन ट्रीच्या फांद्या मात्र ताडपत्रीखाली न्या आणि तिथेच चिप्स करून खताच्या ढिगात घाला, उघड्या टेम्पोतून शहरभर फिरवू नका.

वादळात किंवा पावसात पडलेल्या झाडाच्या वेळी रस्ता मोकळा करणं पहिलं, यात दुमत नाही. तरी क्रम बदलता येतो. आधी फांद्या काढून एक मार्गिका उघडा, मग खोड अखंड कडेला ओढून ठेवा, माप आणि काप दुसऱ्या दिवशी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून समुद्रावरून गेलं तेव्हा एका दिवसात जितकी झाडं पडली तितकी हाताळायला त्या दिवशी निविदा काढता येत नाहीत. म्हणून मे महिन्याच्या आत हायड्रा, सॉ मिल आणि ओंडके ठेवण्याची जागा यांचे दर-करार झालेले हवेत. पडलेल्या झाडात ताण असतो. वाकलेल्या खोडावर चुकीच्या बाजूने काप दिला तर ते उसळतं. हे काम अग्निशमन दलाच्या जवानांवर टाकताना त्यांना तेवढं प्रशिक्षण द्या.

परवानगीच्या काळाचा उपयोग करा. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार पाहणी होते, नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर झाडाचं वयही काढावं लागतं, म्हणजे घेर मोजला जातोच. त्याच पाहणीपत्रात चार रकाने वाढवा : सरळ खोडाची लांबी, पोकळी आहे का, लोखंड आहे का, लाकूड कुठे जाणार. पोकळी तपासायला लाकडी हातोड्याने खोड वाजवा, बुडाशी सिमेंट घट्ट बसवलेलं असेल किंवा आळंबी आली असेल तर संशय धरा. हरकतींचे दिवस संपेपर्यंत मिलवाला ठरलेला असतो. वाहतूक परवाना लागतो का हे वनपरिक्षेत्र कार्यालयातून आधीच लेखी घ्या. साग, शिसव, खैर, चंदन यांबाबत तर नक्कीच. नागरी हद्दीबाहेर १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही रोजची झाडंही आहेत, हे ग्रामीण भागातल्या सोसायट्यांनी लक्षात ठेवावं. चिराई परवानाधारक मिलमध्येच. जागेवर येऊन चिरणाऱ्या मशीनबद्दल वन विभागाने स्पष्ट लेखी धोरण द्यावं अशी आमची त्यांच्याकडेही मागणी आहे.

एक धोका आम्हीच पुढे ठेवतो. लाकडाला चांगला भाव मिळायला लागला की झाड तोडण्याची घाई होऊ शकते. हा धोका खरा आहे. म्हणून लाकूड ठेकेदाराचं नको. तोडण्याचा दर वेगळा, तो लाकूड न धरता. लाकडाचा पैसा वृक्ष निधीच्या वेगळ्या खात्यात जावा, सर्वसाधारण उत्पन्नात नको. परवानगी देणाऱ्या टिपणीत लाकडाची किंमत लिहूच नये. ती परवानगी झाल्यानंतरच्या कागदावर यावी. आणि वर्षातून एकदा झाड क्रमांक, प्रजाती, घनफूट, कुठे वापरलं, किती रक्कम आली ही यादी संकेतस्थळावर टाका. तोडणाऱ्याला लाकडात रस उरला नाही, तर जितकं तोडायची परवानगी आहे त्याहून एक फांदीही जास्त तोडायचं कारण त्याच्याकडे उरत नाही.

सोसायट्यांसाठी थोडं वेगळं. सचिवांनी दोन कोटेशनं मागवावीत, एक लाकूड ठेकेदाराचं धरून आणि एक लाकूड सोसायटीचं धरून. दोन्हींतला फरक म्हणजे ठेकेदाराने लाकडाची धरलेली किंमत. मग टेप घेऊन छातीच्या उंचीवर घेर मोजा, वरची चौथ्या भागाची रीत वापरा, आणि जवळच्या वखारीत प्रजाती, घेर, लांबी सांगून विचारा. सहा फूट घेराचा, आठ फूट सरळ फणस असेल तर तो १८ घनफूट भरतो, आणि तो फुकट उचलून नेण्यासाठी वर पैसे देणं शहाणपणाचं नाही. उलट पोकळ गुलमोहर असेल तर लाकूड ठेवून घेण्याच्या फंदात पडू नका. वखारवाला झाड उभं असताना पाहून जाईल असं ठरवा. तुकडे झाल्यावर कोणी येत नाही.

आपल्या पुढच्या निविदेसाठी मजकूर आम्ही सुचवतो, तो जसाच्या तसा घ्या किंवा सुधारा : ‘झाड उतरवण्याचा दर लाकूड वगळून द्यावा. तीन फुटांपेक्षा जास्त घेराचं सरळ खोड वृक्ष अधिकाऱ्याने खूण केलेल्या लांबीतच कापावं. खुणेशिवाय आडवा काप घेतल्यास त्या ओंडक्याच्या घनफुटाप्रमाणे वजावट होईल. दोन्ही तोंडं त्याच दिवशी रंगवावीत, क्रमांक टाकावा. ओंडके ठरलेल्या डेपोत उतरवावेत, पोचपावतीशिवाय बिल मंजूर होणार नाही. फांद्यांचे चिप्स जागेवरच करावेत.’ पावसाळापूर्व छाटणीच्या निविदा निघण्याआधी हा बदल झाला, तर येत्या हंगामातलंच लाकूड वाचेल. मोजमाप, खुणा आणि रचण्याची पद्धत दाखवायला आपल्या कर्मचाऱ्यांसोबत डेपोत उभं राहायची आमची तयारी आहे, त्याचा मोबदला नको.

आपले,
झाडकाम, चिराई आणि सुतारकाम करणारे